चिखलातल्या पाच फेऱ्या

ओल्या चिकणमातीतून चालताना बुटाच्या तळाला मातीचा एक थर चढतो. त्या थराला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा. शंभरेक पावलांनंतर माणूस दोन इंच उंच झालेला असतो आणि त्याला पाय उचलवत नाही. आमच्या मंडळींच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो. सगळे खरे आहेत. निदान मला तसं वाटतं. अलीकडे माझा माझ्या आठवणीवर फारसा भरवसा राहिलेला नाही. का राहिला नाही, ते शेवटच्या किस्स्यात येईलच.

आमची मंडळी म्हणजे साकोली आणि आसपासची धावणारी माणसं. दर जानेवारीत आंधळगावच्या पलीकडच्या डोंगरांत आम्ही पन्नास किलोमीटर धावायचो. भंडारा जिल्ह्यात डोंगर आहेत म्हटलं की माझे पुण्याचे भाचे हसतात. आमचे डोंगर बुटके आहेत, हे मी मान्य करतो. पण बुटका डोंगर पाच वेळा चढला की त्याची उंची वाढते!

मी शहापूरचा. मृदाशास्त्रात डॉक्टरेट केली, पस्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त होऊन साकोलीत राहिलो. सहासष्टाव्या वर्षी या मंडळींत शिरलो, तेव्हा एकच इच्छा होती: सत्तरीच्या आत ही शर्यत एकदा, फक्त एकदा, वेळेत पुरी करायची. आयुष्यात बऱ्याच गोष्टी मी नीट अभ्यास करून अर्ध्यावर सोडल्या आहेत. त्या यादीत आणखी एक नको होती.

*

पाच फेऱ्या का, तर त्याचं श्रेय मेश्रामांना. मेश्राम म्हणजे वीज मंडळातले लाइनमन. तीस वर्षं या डोंगरांतून तारा ओढलेल्या, त्यामुळे पायवाट न पायवाट पाठ. पन्नास किलोमीटरचा मार्ग आखायला म्हणून ते एका सकाळी एकटेच निघाले आणि तीन तासांत परत आले. मी विचारलं, इतक्यात झालं?

"दहा किलोमीटरवर डोंगर सरला जी," ते म्हणाले. "आता पाच डाव चढा, दुसरं काय."

नियमही त्यांनीच केले. सकाळी सहाला डोंगराच्या पायथ्याच्या शाळेपासून सुरुवात. संध्याकाळी पावणेसहाच्या आत पाचवी फेरी पुरी झाली पाहिजे, कारण त्यानंतर रानात थांबू नये. आणि दुपारी साडेतीननंतर कोणीही नवी फेरी सुरू करायची नाही. या साडेतीनला मेश्राम भलतेच कडक होते. शेवटचा माणूस आल्याशिवाय पंगत बसणार नाही, हाही त्यांचाच नियम. त्यामुळे मागे राहणाऱ्याच्या डोक्यावर तीस उपाशी माणसांचं ओझं असायचं. मागे राहणारा बहुतेक मीच असायचो.

*

पहिल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी अवकाळी पाऊस आला. दुसऱ्या वर्षीही आला. तिसऱ्या वर्षी आम्ही तारीख फेब्रुवारीत ढकलली, तर पाऊस जानेवारीत आला नाही, फेब्रुवारीत आला. बरोबर गारठा असा, की दात वाजलेले शेजाऱ्याला ऐकू जावेत.

चौथ्या वर्षी डिसेंबरमध्येच गावातले दोन शेतकरी माझ्या घरी आले. मोठ्या आस्थेनं विचारलं, सर, यंदा शर्यत कधी? मी भारावलो. गाव आपल्या खेळात रस घ्यायला लागलं, असं सुमनला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तारीख दिली, चहा दिला, येणार का पाहायला म्हणून विचारलं.

"पाहाले नाही जी," त्यांतला मोठा म्हणाला. "आदल्या दिवशी धानाच्या पुंजण्यावर ताडपत्री टाका लागते ना."

*

पहिल्या वर्षी मी दोन फेऱ्या केल्या. त्यांतली पहिली बरीचशी बसून केली. उतारावर पाय सुटायचा आणि मी घसरत खाली यायचो. त्या मातीत चिकणमातीचं प्रमाण किती, पाणी किती मुरल्यावर तिची पकड सुटते, हे सगळं मला ठाऊक होतं. घसरता घसरताही ठाऊक होतं.

माझ्या मागून कौसल्याबाई येत होत्या. कौसल्याबाई पन्नाशीच्या, चार एकर धानाच्या मालकीण. लहानपणापासून रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात उभं राहण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. साडी खोचून, अनवाणी पायांनी त्या त्याच उतारावरून बाजारात निघाल्यासारख्या आल्या. मला हात देऊन उठवलं आणि विचारलं, "सर, तुमी मातीवर पुस्तक लिवलं म्हणे?"

मी म्हणालो, हो, लिहिलंय.

"मंग तिनं वाचलं नसन."

*

कापगते मेडिकलवाले हे आमच्यातले सामानवाले. दुकान बसस्टँडजवळ, वय चाळीस आणि शर्यतीचं प्रत्येक साधन सगळ्यांत आधी त्यांच्याकडे. मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ, पाठीवर नळीची पिशवी, आणि बूट असे की तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खाचा. ते बूट चिखलात सरकत नाहीत, असं त्यांनी आम्हाला महिनाभर ऐकवलं होतं.

ते खरंच सरकले नाहीत. नाल्याच्या काठी उजवा बूट असा रुतला की कापगते पुढे गेले आणि बूट तिथंच राहिला. थंडीनं पाय इतके बधिर झाले होते की त्यांना पंधरा-वीस पावलं कळलंच नाही. कळलं तेव्हा परत येऊन पाहतात, तर बूट आत आणि वर फक्त नाडीचं टोक. कौसल्याबाईंनी हात घालून, फिरवून तो उपसून काढला आणि म्हणाल्या, बूट चांगला आहे, रोवला की हलत नाही.

त्याच वर्षी गारठलेल्यांसाठी कापगत्यांनी चंदेरी कागदासारखी पांघरुणं आणली होती. अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत म्हणे. शाळेच्या ओसरीत आम्ही आठ-नऊ जण ती लपेटून कुडकुडत बसलो होतो. मेश्राम भिजत आले, आम्हा सगळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि स्वयंपाक्याला म्हणाले, वर्ख लावलेली बर्फी तयार आहे, आता चहा आण.

*

डोंगराच्या पाठीमागे पाच-सहा घरांचा एक टोला आहे. तिथं दुसऱ्या वर्षी माझी बोटं थंडीनं पूर्ण बधिर झाली. खिशात शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट होतं, पोटात भुकेचा खड्डा होता आणि पाकीट फाडायला बोटं वळत नव्हती. दातांनी प्रयत्न केला; दातही वाजत होते. दारात एक म्हातारी शेकत बसली होती. मी पाकीट तिच्यापुढे धरलं. बोलायला गेलो तर थंडीनं जबडा हलेना.

तिनं पाकीट घेतलं, कपाळाला लावलं, पदरात बांधलं. मग आत गेली आणि कथलाच्या वाटीत गरम पेज घेऊन आली. मीठ घातलेली तांदळाची पेज. वाटी दोन्ही तळहातांत धरून मी उभा राहिलो. पुढची कितीतरी मिनिटं मी कोणत्याही गोष्टीची काळजी केली नाही. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

पुढच्या वर्षी मी तिच्यासाठी मुद्दाम पाकीट नेलं. तिनं ते घेतलं, पण माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाली, "यंदाही भुकेलाच आला का रे बाबू? घरी कोनी देत नाही का?"

चौथ्या वर्षी पाकीट होतं, पण दार बंद होतं. शेजारणीनं सांगितलं, दिवाळीच्या आधीच गेली. मी पाकीट उंबऱ्यावर ठेवून पुढे निघालो. बरोबर केलं की वेडेपणा केला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

त्या दुसऱ्या वर्षी पेज पिऊनही तिसऱ्या फेरीनंतर माझं मन कच खाऊ लागलं. सगळे माझ्यासाठी उपाशी थांबतील, या विचारानं मी मेश्रामांना सांगून शर्यत सोडली आणि शाळेत बसायची लाज वाटून थेट सडकेवर जाऊन एसटी पकडली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. कंडक्टरनं दारातच अडवलं आणि कुठून येताय म्हणून विचारलं. मी शक्य तेवढ्या प्रतिष्ठेनं म्हणालो, पन्नास किलोमीटर धावण्याच्या शर्यतीतून.

त्यानं घंटीची दोरी धरली, मला वरून खाली न्याहाळलं.

"मंग एसटीनं काहून जाऊन राहिले?"

साकोलीपर्यंत मी उभाच होतो. बसायला जागा होती, पण कोणी बसू दिलं नाही.

*

आता अडकूभाऊ. फेऱ्या मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. अडकूभाऊ जन्मभर मापारी. खळ्यावर धानाची रास पडली की पायलीनं मोजून द्यायची, हा त्यांचा धंदा. आता काटे आले, मापारी घरी बसले. पण अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्या मोजणीवर कोणी शंका घेतल्याचं कोणाला आठवत नाही. म्हणून मेश्रामांनी त्यांना शाळेच्या फाटकाशी ताडपत्रीखाली बसवलं. पुढे प्रत्येकाच्या नावाचा एकेक झाकणाचा डबा. डबे कापगत्यांच्या दुकानातले, शक्तीच्या पावडरीचे. माणूस एक फेरी करून आला की अडकूभाऊ त्याच्या डब्यात एक खडा टाकायचे आणि झाकण लावायचे. बोलायचे नाहीत. मापारी मोजताना बोलत नाही.

तिसऱ्या वर्षी दोन फेऱ्या करून आलेल्या कापगत्यांनी जाता जाता विचारलं, किती झाले भाऊ? त्यांना ठाऊक होतं. घड्याळात दिसत होतं. सहज विचारलं.

अडकूभाऊंनी शांतपणे कापगत्यांचा डबा उचलला, झाकण काढलं आणि दोन्ही खडे चिखलात ओतले.

कापगते ओरडले, घड्याळ दाखवलं, नकाशा दाखवला. अडकूभाऊ ढिम्म. शेवटी मेश्रामांना बोलावलं, तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "रास मोजताना मापाऱ्याले हटकलं का रास पुन्हा पहिल्यापासून मोजा लागते."

मेश्रामांनी खूप विचार केला. मोजणी अडकूभाऊंकडे सोपवलेली. आज त्यांचा शब्द मोडला तर उद्या कोणी मानणार नाही. कापगत्यांच्या दोन फेऱ्या गेल्या. त्या वर्षी ते सत्तर किलोमीटर धावणार की काय, अशी चर्चा झाली, पण चौथ्या खड्यावर त्यांनी हात जोडले. तेव्हापासून फाटकातून जाताना आम्ही अडकूभाऊंशी रामरामसुद्धा करत नसू.

*

त्याच तिसऱ्या वर्षी मी चौथी फेरी संपवून आलो तेव्हा तीन वाजून चौतीस मिनिटं झाली होती. मेश्राम फाटकात आडवे उभे. मी हातापाया पडलो. चार मिनिटांचा तर प्रश्न होता. ते हळूच म्हणाले, सर, तुम्हाला सोडलं तर उद्या कोणालाच अडवता येणार नाही.

घरी सुमनला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "चार मिनिटं कुठं गेली ते मी सांगते. मोजे बदलायचे का नाही, यावर तुम्ही विचार करत बसला असाल."

मोज्यांवर मी सहा मिनिटं घालवली होती.

*

पुढचं वर्ष माझं एकोणसत्तरावं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

जुलैत मी कौसल्याबाईंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणीला गेलो. चार दिवस. चिखलात चालायला शिकवा, एवढंच मागणं होतं. बाकीच्या बायांची हसून पुरेवाट झाली. कौसल्याबाई मात्र गंभीरपणे शिकवत होत्या: टाच रोवायची नाही, पाय सपाट ठेवायचा, वर ओढायचा नाही, जरा फिरवून काढायचा. आणि खाली पाहायचं नाही. मी विचारलं, खाली न पाहता पाय कुठं पडतोय ते कसं कळणार? त्या म्हणाल्या, पायाला कळते, तुम्ही मधात बोलू नका.

डिसेंबरात मी एक तक्ता केला. फेरीला दोन तास वीस मिनिटं. पहिली आठ वीसला, दुसरी दहा चाळीसला, तिसरी एकला, चौथी तीन वीसला, पाचवी पाच चाळीसला. हाताशी पाच मिनिटं शिल्लक. तक्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. मोजे बदलायचे नाहीत, हे आधीच ठरवून टाकलं.

सकाळी सहाला निघालो आणि सातला पाऊस लागला. वारा असा की थेंब आडवे येत. चष्म्यावर धुकं, म्हणून तो खिशात टाकला. घड्याळ बाहीखाली, बाही ओली होऊन हाताला चिकटलेली, बोटं बधिर. पण पाय चालत होते. मी खाली पाहत नव्हतो. सपाट टाकत होतो, फिरवून काढत होतो. फाटकाशी यायचो, अडकूभाऊ खडा टाकायचे, झाकण लावायचे. मी मान खाली घालून पुन्हा वर.

अशा पावसात सगळ्या फेऱ्या एकसारख्या होतात. तोच चढ, तोच नाला, तोच टोला. नाल्यात मी दोनदा पडलो होतो, की एकदा पडून मला ते दोनदा आठवत होतं, हे सांगता येईना. उंबऱ्यावर पाकीट ठेवलं ते पहिल्या फेरीत की दुसऱ्या?

पुन्हा फाटकाशी पोचलो, तेव्हा वाटलं ही पाचवी असावी. खरंच वाटलं. शाळेच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. सगळे आत शेकोटीशी. मेश्रामही नव्हते, चौथ्या फेरीत कापगत्यांचा पाय मुरगळला होता आणि मेश्राम त्यांना आणायला डोंगराच्या पलीकडे गेले होते. ताडपत्रीखाली एकटे अडकूभाऊ. त्यांनी खडा टाकला, झाकण लावलं.

मी दातांनी बाही वर ओढली आणि घड्याळ पाहिलं. तीन वीस.

तक्ता पाहिला. तीन वीस म्हणजे चौथी फेरी. मिनिटाचाही फरक नाही.

म्हणजे चारच झाल्या होत्या. माझ्यासारख्या माणसानं एवढ्या पावसात, तक्त्यापेक्षा अख्खी एक फेरी लवकर संपवली असेल, हे कसं शक्य होतं? अडकूभाऊंना विचारावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं तर डबा पालथा. आणि साडेतीनला दहा मिनिटं उरली होती. मागच्या वर्षीची चार मिनिटं आठवली. मी अडकूभाऊंकडे पाहिलं. अडकूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वळलो आणि डोंगराकडे पळत सुटलो.

त्या फेरीचं मी काय सांगू. पायातलं बळ कधीच संपलं होतं. कौसल्याबाईंनी शिकवलेलं सगळं विसरलो. नाल्यात नक्की पडलो, यात शंका नाही. शेवटच्या उतारावरून शाळेतला दिवा दिसला, तेव्हा घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. वीस मिनिटं उशीर.

अडकूभाऊंनी खडा टाकला, झाकण लावलं. सगळे फाटकात उभे होते. पंगत थांबलेली. कापगते पायाला पट्टी बांधून खुर्चीवर, मेश्राम हातात कंदील घेऊन. सर पाचव्या फेरीवर आहेत, असं समजून सगळे थांबले होते. कौसल्याबाईंनी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. मग मेश्राम, तेच साडेतीनवाले मेश्राम, घसा साफ करून म्हणाले की आज त्यांचं घड्याळ जरा पुढे असावं.

मला रडू आलं. मी म्हणालो, "नाही मेश्राम. उशीर झाला. पाचवी फेरी वेळेत झाली नाही. हे असंच लिहा, आणि जेवायला बसा."

मेश्रामांनी कंदील खाली ठेवला, रीत म्हणून माझा डबा उचलला, झाकण काढलं आणि तळहातावर पालथा केला. कंदिलाजवळ धरून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तळहात तसाच कापगत्यांपुढे नेला, त्यांनी बोटानं एकेक खडा बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं.

सहा खडे होते.

मग मेश्राम अडकूभाऊंकडे वळले आणि जरा रागानंच म्हणाले, पाच झाल्या होत्या तर सरांना सांगितलं का नाही?

अडकूभाऊंची मोजणी आता संपली होती, म्हणून ते बोलले.

"येवढे शिकलेले मानूस, जी. मले वाटलं, त्याइले पाचपरेंत मोजता येत असन."